दुसरीचा वर्ग: छत्तीस सांगितलं की ६३ लिहितात

वर्गशिक्षिका_कोथरूड
दुसरी, पट ३८, तास ३५ मिनिटांचा. छत्तीस सांगितलं की बरीच मुलं ६३ लिहितात. ५२ − २७ चं उत्तर ३५ काढतात. बाराखडी घडाघडा म्हणणारी मुलं 'किडा' वाचताना अडखळतात आणि श्रुतलेखनात वेलांट्या वाटेल तशा देतात. रोज १५ मिनिटांत बसतील असे उपक्रम सुचवा. कार्यपत्रिका नकोत, झेरॉक्सचा खर्च झेपत नाही.

दशक_एकक
ताई, मुलं ऐकतात तसंच लिहितात. 'छत्तीस'मध्ये सहा आधी कानावर पडतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आणलं ते याचसाठी, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला. तो वाद बाजूला ठेवू, घरी मुलं 'त्रेसष्ट'च ऐकणार.

कार्डं करा. दशकाची (१० ते ९०) १० × ६ सेंमी, एककाची (१ ते ९) ५ × ६ सेंमी. दोन मुलांच्या एका जोडीला १८ कार्डं. १९ जोड्यांना मोठी पाच कार्डशीट पुरतात, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतील. 'त्रेसष्ट' म्हणा. मुलांनी आधी शेपूट ऐकायचं, 'सष्ट', म्हणजे ६० चं कार्ड उचलायचं. मग ३ चं कार्ड शून्यावर ठेवायचं. वहीत लिहायचं ते त्यानंतरच. पन्नाशीत शेपूट कधी 'वन्न' (बावन्न), कधी 'पन्न' (चोपन्न). दोन्ही म्हणजे ५० हे आधीच सांगून टाका.

'एकोण'वाले आकडे पहिल्या आठवड्यात घेऊच नका. एकोणचाळीसचं शेपूट ऐकून मूल ४० उचलणारच. ते संख्यारेषेवर घ्या: चाळीसच्या एक घर मागे. ९९ मात्र नव्याण्णव. 'एकोणशंभर' हमखास ऐकू येईल.

खराटा
वजाबाकीत मुलं खालच्या सातातून वरचे दोन काढतात, म्हणून ३५. 'दोनातून सात जातात का?' विचारलं तर 'नाही' म्हणतात आणि तरी उलटंच करतात.

नारळाच्या खराट्याचे हीर १० सेंमीचे कापा, टोकं बोथट करा. चौघांचा गट धरला तर दहा गट, प्रत्येकी ९९ काड्या, म्हणजे हजारभर. आइस्क्रीमच्या काड्या नकोत, गठ्ठा जाड होतो आणि लहान मुठीत मावत नाही. ५२ म्हणजे दहा-दहाचे, रबर लावलेले पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या तर एका गठ्ठ्याचं रबर मुलानेच काढायचं: चार गठ्ठे, बारा सुट्या. गोंदाने चिकटवलेले तयार गठ्ठे इथे कुचकामी, सुटतच नाहीत ना! सुरुवातीला नुसत्या काड्या. जमायला लागलं की एकाने सोडायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने वहीत ५ खोडून ४ लिहायचे.

दुकान-दुकान खेळणार असाल तर दहाच्या नोटा आणि एकची नाणी एवढंच ठेवा. पाचचं नाणं आलं की दशक-एककाचा घोळ.

काना_मात्रा
'कि'चंही तसंच. वेलांटी अक्षराआधी दिसते, उच्चार मात्र नंतर. म्हणून काना आणि दुसरी वेलांटी आधी घ्या, पहिली वेलांटी सगळ्यांत शेवटी.

फळ्यावर क आणि ड एवढीच अक्षरं ठेवून चिन्हं बदलत जा: कडा, कडी, काडी, किडा, कोडे. प्रत्येक बदलानंतर एकाच मुलाने वाचायचं. सगळ्या वर्गाने एका सुरात वाचलं की कोण अडकलंय ते कळतच नाही. 'घ-र-टे' असं सुटं वाचू देऊ नका. 'घर-टे' म्हणायला लावा, नाहीतर 'र'मधला अ ताणला जातो आणि शब्द ओळखू येत नाही.

वेलांट्या-उकारांसाठी शब्दांच्या जोड्या लावा: फूल–फुले, वीट–विटा, मूल–मुले, दूध–दुधात. पुढे अक्षर वाढलं की दीर्घाचा ऱ्हस्व होतो, हे चार जोड्यांत मुलांच्या लक्षात येतं. शेवटचं अक्षर दीर्घ: पाणी, चाकू. 'आणि' अपवाद, तो भिंतीवर मोठ्ठा लिहून ठेवा. श्रुतलेखनाला सहाच शब्द द्या आणि लगेच मुलांनाच फळ्यावरून तपासू द्या. वीस शब्दांच्या वह्या घरी नेल्या तर त्या परत मिळेपर्यंत चूक मुरलेली असते.

वर्गशिक्षिका_कोथरूड
कार्डं आणि काड्या एकाच आठवड्यात सुरू करू का?

दशक_एकक
नको. कार्डांवर ६३ आणि ३६ न अडखळता लागेपर्यंत काड्या डब्यातच राहू द्या. रबरं मात्र जास्तीची आणा, उन्हाळ्यात कडक होऊन तुटतात. बोहरी आळीत वजनावर मिळतात.