मँगनीज भंडाऱ्याचं, मग बॅटरीसाठीचं शुद्ध मँगनीज चीनचं का?

रामटेककर:
केंद्राने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, निकेल, कोबाल्ट, व्हॅनेडियम सगळे आहेत, मँगनीज नाही. अमेरिकेच्या यादीत ते आहे. युरोपनेही बॅटरीच्या दर्जाचं मँगनीज खास मानलंय. आणि आपल्याकडे तर नागपूर, भंडारा, बालाघाट हा सगळा पट्टाच मँगनीजचा! मागणी दोन्हीकडून वाढतेय. २०१७ च्या पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचं उद्दिष्ट आहे. मँगनीज पोलादातल्या गंधकाला धरून ठेवतं, नाहीतर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. शिवाय विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या आहेतच. त्यांना लागणारं अतिशुद्ध मँगनीज सल्फेट जगात जवळजवळ सगळं चीन बनवतो. माझं ठाम मत आहे, मँगनीज यादीत यावं आणि शुद्धीकरण इथेच व्हावं.

भट्टीवाला:
साहेब, भावना पोचली, पण हिशेब बघा. जगातलं ९० टक्क्यांच्या आसपास मँगनीज पोलादातच जातं. मॉइल या सरकारी खाण कंपनीने २०२४-२५ मध्ये साधारण १८ लाख टन काढलं, तरी आपण दक्षिण आफ्रिका आणि गॅबनहून जहाजं भरून आणतोच. पोलादालाच पुरत नाही, तिथे बॅटरी कुठे? त्यात आपल्या स्वस्त गाड्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात, त्यांत मँगनीज नसतंच. मी फेरो अलॉयच्या, म्हणजे पोलादात घालायच्या मिश्रधातूंच्या धंद्यात आहे. त्यातल्याच सिलिको मँगनीजच्या एका टनाला ४ हजार युनिटच्या आसपास वीज लागते. आमचा जीव खनिजाच्या भावापेक्षा वीजबिलात अडकलेला असतो. यादीत नाव घालून वीज स्वस्त होत नाही.

रामटेककर:
विजेचं शंभर टक्के मान्य. पण लोह-फॉस्फेटमध्येच मँगनीज घालून जास्त ऊर्जा साठवणाऱ्या बॅटऱ्या आता आल्यात. आणि बॅटरीला खनिज लागतं थोडं, किंमत येते ती शुद्धतेला. हे काम आपल्याला नवं नाही. जुना टॉर्चचा सेल फोडला की कांडीभोवती काळी ओलसर भुकटी निघते ना, ते मँगनीज डायऑक्साइड. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइलवाले ते विजेने शुद्ध करून बनवतात. खनिज भाजायचं, गंधकाम्लात विरघळवायचं, लोह वेगळं काढायचं, मग गरम द्रावणातून वीज सोडायची. हे जमतं, तर पुढची पायरी, बॅटरीचं सल्फेट, का जमू नये?

तुमसरची लेक:
दोघेही टन आणि युनिट बोलताय, माणसं कुठे आहेत? मँगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की मेंदूवर परिणाम होतो. हात थरथरतात, चेहरा ताठरतो, चाल बदलते, अगदी कंपवातासारखं. शुद्धीकरण आलं की आम्लही आलं, गाळही आला. तो गाळ टाकणार कुठे? आमच्याकडे धान पिकतं, आणि पावसाळ्यात बांधीतलं पाणी एका शेतातून दुसऱ्यात उतरतं.

भट्टीवाला:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. भट्टीवरच्या कंत्राटी पोरांना मास्क मिळतात, पण उन्हाळ्यात ते कोणी लावत नाही.

तुमसरची लेक:
म्हणून सांगते दादा, कारखान्याला माझा विरोध नाही. इथली पोरं कामासाठी नागपूर-पुण्याला जातात, तेही मला दिसतं. पण जनसुनावणी तुमसरलाच घ्या, अहवाल मराठीत द्या, आणि कंत्राटी कामगारांचीही मज्जासंस्थेची तपासणी दरवर्षी करा. एवढं लिहून मिळालं, तर पहिली सही माझी.