जानेवारीत एक दिवस : नांदूर मध्यमेश्वर आणि रात्रीचं जेवण, सल्ला हवा

इंदिरानगरकर : पुण्याहून बहीण, मेहुणे आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी येताहेत. भाचीला पक्ष्यांचं वेड आहे. सोबत आई असेल, तिला पायऱ्या चढवत नाहीत. सकाळी नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, रात्री बाहेर जेवण असा बेत आहे. मधल्या वेळेत काय करावं? जेवण शाकाहारी हवं, आणि आईला नीट बसता येईल अशी जागा हवी.

गोदाकाठ : चापडगावच्या बाजूनेच जा. नाशिकपासून साधारण चाळीस किलोमीटर, चांदोरीहून सायखेड्याकडे वळायचं. उजाडताना तिथे पोहोचायला हवं, दहानंतर गेलात तर निम्मी मजा गेली. स्वेटर, कानटोपी सगळ्यांना घाला. निफाडची थंडी साधी नसते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो.

गाईड नक्की घ्या. गावातलीच मुलं आहेत, कुठल्या पाणवनस्पतीआड काय बसलंय ते त्यांना ठाऊक असतं. दुर्बीण, टेलिस्कोप तिथे भाड्याने मिळतात. भाचीला जांभळी पाणकोंबडी दाखवायला सांगा. एका पायात देठ धरून ती चोचीने सोलून खाते, मुलं तिथून हलत नाहीत. वारकरी, शेकाट्या, थापट्या, चक्रवाक हे पाणपक्षी दिसतातच. क्रौंच मात्र पाण्यापेक्षा आजूबाजूच्या शेतांत शोधा.

सायली_निफाड : रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच असं भाचीला आधी सांगू नका, ते पाण्यावर अवलंबून असतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे १९११ साली बंधारा पूर्ण झाला. मागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, म्हणून पक्षी आले. वरच्या धरणांतून पाणी येतं आणि कालव्यांना आवर्तन (शेतीसाठी पाळीचं पाणी) सुटलं की पातळी उतरते. चिखल उघडा पडला की लांब पायांचे पक्षी जवळ येतात, भरलेलं असलं की बदकं जास्त. त्यामुळे आदल्या दिवशी गाईडला फोन करून पातळी विचारा. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या तालुक्यात आहे, हे भाचीला जरूर सांगा. आम्हाला त्याचा फार अभिमान आहे.

इंदिरानगरकर : धन्यवाद ताई! पक्षी बघायच्या मनोऱ्यावर आईला कसं न्यायचं?

सायली_निफाड : न्यायचंच नाही. काठावरूनही भरपूर दिसतं. घडीची खुर्ची गाडीत टाका आणि गाईडला टेलिस्कोपची तिवई खाली करायला सांगा, बसल्या बसल्या बघता येतं. माझ्या सासूबाईंनी असाच चमचा पक्षी पाहिला. चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालला होता, त्या कितीतरी वेळ बघत होत्या.

किरण_सिन्नर : दुपारी सिन्नरला या. गोंदेश्वराचं पंचायतन आहे, मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. उन्हं कलताना दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. काकूंना चौथऱ्यावर चढायची गरज नाही, खालून चहूबाजूंनी बघता येतं.

प्रसाद७ : जेवायला गंगापूर रोडला द्राक्षबागांमधल्या रेस्टॉरंटमध्ये जा, मस्त वातावरण असतं.

किरण_सिन्नर : प्रसाददादा, जागा छानच आहे, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहाटे उठलेली मुलगी आणि काकू, सिन्नरहून तिथवर जाईपर्यंत पेंगतील. पुणे रोडवर सिन्नर ते नाशिकरोडच्या मधे एखादं फॅमिली हॉटेल बघा. शेवभाजी, भरीत, बाजरीची भाकरी मागवा, या दिवसांत भरिताची वांगी उत्तम येतात. शेवभाजीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, चांगलाच तिखट असतो. मुलीसाठी मुगाची खिचडी आधीच सांगून ठेवा, भाकरीसोबत लोणी मागा. आणि शिरताना टेबल-खुर्चीची जागा आहे का ते विचारा, काही ठिकाणी फक्त भारतीय बैठक असते.

गोदाकाठ : सात वाजताच जेवायला बसा, आठनंतर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. शक्य असेल तर रविवार टाळा, काठावरही गर्दी कमी असते.

इंदिरानगरकर : मग शनिवारीच निघतो, पाच वाजता. खुर्ची शेजाऱ्यांकडून मागून घेतली आहे. पाण्याची पातळी काय निघाली ते इथे कळवतो.