मदत हवी आहे: हॉलच्या भिंतीचा गिलावा काढून वीट उघडी ठेवावी का? (नागपूर)

पडवी

नमस्कार मंडळी. प्रतापनगर भागात एकमजली घर आहे, 1988 चं बांधकाम. भिंती 9 इंची, कॉलम नाहीत, स्लॅब सरळ भिंतींवर. दोन कामं काढायची आहेत.

पहिलं, हॉलची पश्चिमेकडची भिंत, 10 बाय 10 फूट. आतला गिलावा काढून वीट दिसू द्यायची. याच भिंतीला खिडकी आहे आणि उन्हाळाभर तिथे कुलर असतो. दुसरं, गच्चीवर एक खोली चढवायची आणि तिच्या भिंती पहिल्यापासून उघड्या विटेच्या ठेवायच्या, आतून-बाहेरून.

मिस्तरी म्हणतो, गिलावा झोडपा, वॉर्निश मारा, झालं. दुसरा सल्ला असा की जुन्या भिंतीला हातच लावू नका, विटेच्या टाइल्स चिकटवा. घरच्यांना वाटतं उघड्या विटेनं घर थंड राहील. जाणकारांनी नीट सांगावं.

ओळंबा

सगळी भिंत झोडपू नका. आधी दोन ठिकाणी दोन बाय दोन फुटांचा तुकडा उघडा. एक जमिनीलगत खिडकीखाली, दुसरा डोळ्यांच्या उंचीवर, कोपऱ्यापासून लांब.

9 इंची भिंत बांधताना मिस्तरी एकाच बाजूला दोरी लावतो. ती बाजू सरळ येते. विटांची लांबी कमीजास्त असते, त्यामुळे दुसरी बाजू आतबाहेर होते. तिथे अद्धे (अर्ध्या विटा) लागतात, सांधे कुठे जाड कुठे बारीक होतात आणि ते सगळं गिलाव्याखाली झाकलं जातं. बहुतेक घरांत दोरी बाहेरच्या अंगाला असते, म्हणजे हॉलमधून तुम्हाला दिसणार ती नेमकी वाकडी बाजू. शिवाय गिलाव्याखाली जाणारी वीट कोणी निवडून लावत नाही. वायरिंगच्या खाचा, चौकटीशेजारी कोंबलेले तुकडे, सगळं बाहेर येईल.

तुकडा उघडला की विटेवर खिळा ओढा. खोल रेघ उठली तर वीट कच्ची भाजलेली आहे. सांध्यातला माल किल्लीनं खरवडून पूड होत असेल तर सगळ्या भिंतीचं पॉइंटिंग (सांध्यांत माल भरणं) नव्यानं करावं लागेल. पांढरी पूड दिसली तर थांबा आणि इथे सांगा.

काढायचंच ठरलं तर छिन्नी भिंतीला जवळजवळ आडवी धरून, वरून खाली, हलक्या हातोडीनं. ब्रेकर मशीन अजिबात नको. विटेचा भाजलेला कडक पापुद्रा तिच्यासोबत निघतो आणि आतली मऊ वीट जास्त पाणी पिते. सिमेंटचा गिलावा विटेला घट्ट धरून असतो, त्यामुळे करडे डाग थोडेफार राहणारच. महाल-इतवारीतल्या जुन्या चुन्याच्या भिंतींचा गिलावा सोपा निघतो, तिथे हा खेळ परवडतो. मात्र तिथे पॉइंटिंगही चुन्याचंच हवं. कडक सिमेंट भरलं की ओल सांध्याऐवजी विटेतून बाहेर पडते आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

मलब्याचा हिशेब धरा. 100 चौरस फूट आणि 18 मिमी जाडी म्हणजे 300 किलोच्या वर, दहा-बारा गोणी. धूळ घरभर जाईल, सामान आधीच हलवा. भारवाहक भिंत असल्यामुळे वायरिंगसाठी नवी आडवी खाच पाडताना जपा. उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी एक षष्ठांशाच्या पुढे नाही.

कोरडा_मे

थंडाव्याबद्दल. आतून गिलावा काढल्यानं घर थंड होत नाही. 9 इंची भिंतीचा उष्णतेला जो अडसर आहे तो जवळपास सगळा विटेचा. 15-20 मिमी गिलाव्याचा वाटा त्यात सहा-सात टक्के. तो काढला तर फरक पडलाच तर उलट्या बाजूनं, आणि तो जाणवणारही नाही.

पश्चिमेच्या भिंतीचा खरा त्रास वेळेचा आहे. दुपारचं ऊन विटेत मुरतं आणि आतल्या बाजूला पोहोचायला सहा-सात तास घेतं, म्हणजे झोपायच्या वेळेला भिंत तापलेली. उपाय बाहेरच्या बाजूला आहेत: छज्जा, वेल, जाळी, नाहीतर नुसता पांढरा रंग. पांढरा रंग उन्हाची उष्णता साधारण तीस टक्के शोषतो, उघडी लाल वीट साठ-सत्तर. गच्चीवरच्या खोलीची पश्चिम भिंत बाहेरूनही लाल ठेवली तर 45 अंशांच्या दिवसांत ती भट्टी होईल.

उजेडाचंही बघून घ्या. लाल वीट पांढऱ्या भिंतीच्या तुलनेत फार कमी प्रकाश परत देते. हॉलची एक भिंत ठीक आहे, तीन केल्या तर दिवसा लाइट लावून बसाल.

खसची_जाळी

भाऊ, बाकी सगळं ठीक, पण कुलरवाली भिंत सोडून बोला.

कुलरची टाकी भरून वाहते, पंपाची नळी सुटते, जाळ्यांतून तुषार खिडकीच्या कडेला उडतात. तीन महिने तीच जागा भिजते, उन्हात वाळते, पुन्हा भिजते. बोअरचं जड पाणी असेल तर टाकीत पाणी उडून जाऊन क्षार आणखी दाट होतात आणि तेच भिंतीत मुरतात. खिडकीखाली लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागतो तो यामुळे. गिलावा असेल तर गिलावा फुगतो, तो खरवडून नवा करता येतो. वीट उघडी असली तर विटेचाच चेहरा झडतो, तो कुठून आणणार? जून अखेरीस पाऊस लागला तरी लोक कुलर चालूच ठेवून राहिले असतात, मग बंद खोलीतल्या दमटपणानं सांध्यांत बुरशी धरते ती वेगळी.

कुलर लोखंडी स्टँडवर भिंतीपासून किमान सहा इंच दूर ठेवा. ओव्हरफ्लोला नळी लावून थेट नालीत सोडा. खिडकीच्या पाटाला बाहेर उतार आणि खालून पाणी तोडणारी खाच असू द्या.

दरज

मिस्तरीच्या वॉर्निशबद्दल कोणीच बोललं नाही. चकचकीत वॉर्निश किंवा लॅकर बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला मारू नका. बाहेरून आलेली ओल आतून बाहेर पडायला वाट शोधते. वाट बंद झाली की क्षार थराच्या मागेच साचतात आणि थर विटेचा पापुद्रा घेऊन सुटतो. सिलेन-सिलोक्सेन जातीचं लिक्विड घ्या. ते विटेच्या छिद्रांना आतून अस्तर लावतं, छिद्रं बुजवत नाही. पाणी शिरत नाही, वाफ निघते. रंग बदलत नाही, त्यामुळे काम झालं की नाही असं वाटतं. पाण्याचे थेंब टाकून बघा, मोती बनून ओघळले पाहिजेत. सच्छिद्र विटेवर लिटरमागे 35 ते 50 चौरस फूट धरा. दोन हात, दुसरा पहिला ओलसर असतानाच.

ओळंबा

दरज यांच्याशी सहमत, फक्त एक अट. ओल्या किंवा लोणा लागलेल्या भिंतीवर तेही मारू नका. आधी दोन बाय दोन फुटांचं प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवा. मागे घाम दिसला तर भिंत अजून ओली आहे.

आतल्या कोरड्या पार्टिशनला मी तर काहीच मारणार नाही. धूळ फार झडत असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिकचा एक पातळ मॅट हात. स्वयंपाकघरात मात्र उघडी वीट नकोच. फोडणीचं तेल विटेत उतरलं की निघत नाही.

पडवी

सर्वांचे आभार. दोन्ही तुकडे उघडले. खालच्यात जमिनीपासून साधारण अडीच फुटांपर्यंत पांढरी पूड, विटा बोटानं झडतात. वरच्यात वीट चांगली भाजलेली, पण अद्धे बरेच आणि सांधे 10 ते 25 मिमी. अंगणात मागे फरशी घातली होती, ती आता जोत्याच्या वरच्या कडेला टेकते. हॉल आणि बेडरूममध्ये एक साडेचार इंची भिंतही आहे, दोन्ही बाजूंनी आतली.

ओळंबा

मग उत्तर तुमच्या अंगणात आहे. फरशीमुळे जमिनीची ओल डीपीसीला (जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराला) वळसा घालून वर चढते. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतरही ओल महिनोन्महिने टिकते. भिंतीलगत फूटभर रुंद पट्टी तोडा, पातळी जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान सहा इंच खाली न्या, त्यात खडी भरा, उतार बाहेर. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा आणि पूड गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुतली तर क्षार विरघळून पुन्हा आतच जातात. ॲसिड तर नकोच, त्याचे स्वतःचे क्षार तयार होतात. एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा जाऊ द्या, मग तिथे गिलावा करा.

ही भिंत उघडी करण्याचा विचार सोडा. आतली साडेचार इंची भिंत घ्या. तिथे पाऊस नाही, कुलर नाही. वर सांगितलेली तपासणी तिथेही करा, मात्र साडेचार इंचीत एकच वीट दोन्ही बाजूंना दिसते, त्यामुळे ती निदान एका अंगानं सरळ असण्याची शक्यता जास्त. आवाज थोडा जास्त जाईल, म्हणून बेडरूमकडचा गिलावा राहू द्या.

ती वीटही वाईट निघाली तर टाइल्स. जुना रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून गिलाव्यापर्यंत जा, कारण पुट्टीवर चिकटवलेली टाइल पुट्टी घेऊन पडते. साध्या सिमेंटऐवजी पॉलिमरवाला टाइल ॲडेसिव्ह घ्या. वजन चौरस फुटाला साधारण तीन किलो येतं. कोपऱ्यासाठी काटकोनी तुकडे मिळतात ते घ्या, नाहीतर कडेला टाइलची जाडी दिसते आणि सगळं सोंग उघडं पडतं.

पडवी

पटलं. हॉलचं असंच करतो. आता गच्चीवरची खोली?

ओळंबा

आधी पाया. 9 इंची भिंतीचं वजन चौरस फुटाला 40 किलोच्या आसपास, म्हणजे 10 फूट उंचीला रनिंग फुटामागे 400 किलो, स्लॅब वेगळा. काळ्या मातीवरचा 1988 चा पाया हे घेईल का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खड्डा काढून तपासून घ्या. नवी भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर वरच यायला हवी.

रॅट ट्रॅप बाँडचा विचार करा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुळवलेली पद्धत: विटा कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. भिंत 9 इंचीच, विटा साधारण 25 टक्के कमी, वजन कमी, पोकळीमुळे ऊनही कमी आत येतं. पहिला थर, खिडकीच्या पाटाखालचा, लिंटेलचा (खिडकी-दारावरच्या तुळईचा) आणि स्लॅबखालचा थर भरीव ठेवायचा. वायरिंगचे पाइप बांधतानाच पोकळीत सोडायचे, कारण नंतर फोडता येत नाही. मिस्तरीनं हे आधी केलेलं नसेल तर तीन फुटी नमुना बांधून घ्या.

दरज

विटेबद्दल. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतल्या राखेच्या विटा मापाला अचूक असतात, करडा रंग आवडत असेल तर चांगल्या. लाल हवी असेल तर भट्टीची, पण बाहेरच्या बाजूला निवडलेलीच.

ट्रकमधून वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच विटा घ्या. कोरडी वीट वजन करा, 24 तास बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोच्या विटेनं 450 ग्रॅमपर्यंत पाणी प्यायलं तर उघडी ठेवण्याजोगी. 600 च्या वर गेली तर गिलाव्याखालीही नको. बुडवलेली वीट आणखी दोन-तीन दिवस बघा. काळ्या मातीतला चुनखडीचा खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, पाणी लागलं की फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. टवके उडाले तर ट्रक परत.

लोण्यासाठी वेगळी चाचणी. थाळीत इंचभर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत टाकतात तेच. त्यात वीट उभी ठेवा. पाणी पिऊन वाळू द्या, पुन्हा तेवढंच पाणी, पुन्हा वाळू द्या. पांढरा थर विटेच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असेल तर चालेल. निम्म्याहून जास्त असेल तर ती वीट पाच वर्षं तुम्हाला छळेल.

संख्या: साडेचार इंचीला 100 चौरस फुटांमागे 450-460 विटा, साध्या 9 इंचीला दुप्पट, रॅट ट्रॅपला त्यातून पाव भाग वजा. निवडीत आणि फुटण्यात जाणाऱ्या पंधरा-वीस टक्के वर.

खसची_जाळी

कन्हानची रेती धुऊन, चाळून घ्या. माल कालवायला बोअरचं पाणी नको, नळाचं घ्या. अर्धा लोणा बांधतानाच आपण भिंतीत भरतो.

ओळंबा

बांधणी (सिमेंट:रेती): 9 इंचीला 1:6, साडेचार इंचीला 1:4. सांधा 10 मिमी, त्यासाठी प्रत्येक थरावर 10 मिमीची चौकोनी सळी ठेवून माल भरा, मग थर डोळ्याला खटकत नाहीत. त्याच दिवशी, माल ओला असताना, सांधे 12 मिमी खोल खरवडून ठेवा. विटेवर सांडलेला माल लगेच ओल्या गोणपाटानं पुसा. वाळल्यावर लोक ॲसिडनं धुतात आणि तिथूनच डागांची सुरुवात होते.

पॉइंटिंग 1:3. आतल्या बाजूला खोल खाच ठेवा, सावली छान पडते. पश्चिम आणि नैऋत्येला मात्र पाऊस थेट आपटतो, तिथे खाचेत पाणी थांबतं. सांधा विटेच्या पातळीत भरा किंवा वरून खाली बाहेर उतरता ठेवा. त्या दोन बाजूंना दोन फुटी छज्जा हवाच. छज्जा बसत नसेल तर तेवढ्या भिंतींना बाहेरून गिलावा करून पांढरा रंग द्या आणि वीट आतून दाखवा. कोरडा_मे यांचा उन्हाचा मुद्दाही त्यात सुटतो.

पडवी

शेवटचा प्रश्न. मिस्तरी एप्रिल-मेमध्ये मोकळा आहे. पॉइंटिंग तेव्हा केलं तर?

दरज

बांधकाम करा, पॉइंटिंग नका करू. मेच्या वाऱ्यात पातळ सांध्यातलं पाणी सिमेंट धरायच्या आत उडून जातं, सांधा भुसभुशीत राहतो आणि पहिल्या पावसात धुपतो. खरवडलेले सांधे तसेच सोडा, पावसाळ्यात पश्चिमेला ताडपत्री बांधा. ऑक्टोबरमध्ये भिंत वाळताना जो काही लोणा यायचा तो दिसेल, कोरडा ब्रश मारा. नोव्हेंबरमध्ये सांधे आधी ओले करून पॉइंटिंग, सात दिवस बारीक फवाऱ्यानं पाणी. पाइपनं धार मारायची नाही. लिक्विड त्यानंतर 28 दिवसांनी, प्लास्टिकची चाचणी करून.