अदृश्य, अंतर्धान, तिरस्कृत : न दिसण्यामागे इच्छा कोणाची?

प्रश्न : सफाई कामगारांवरील एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना ‘इन्व्हिजिबल’ या शब्दापाशी मी अडलो आहे. ‘अदृश्य कामगार’ असे लिहिले की जादूची टोपी घातलेला माणूस डोळ्यांसमोर येतो आणि ‘दुर्लक्षित कामगार’ असे लिहिले की मूळ शब्दाची धार जाते. या अर्थाचा नेमका मराठी शब्द कोणता?

उत्तर : अडचण खरी आहे आणि ती ‘अदृश्य’ या शब्दाच्या घडणीतच आहे. ‘दृश्’ धातूपासून ‘दृश्य’, म्हणजे पाहता येण्याजोगे. जे पाहताच येत नाही ते अदृश्य. हा त्या वस्तूचा गुणधर्म झाला. हवा अदृश्य असते, अतिनील किरण अदृश्य असतात आणि त्यात पाहणाऱ्याचा काही दोष नसतो. त्याच धातूचे ‘अदृष्ट’ हे रूप केवळ ‘न पाहिलेले’ एवढेच सांगते, पण ते मराठीत दैव, नशीब या अर्थाने इतके रुजले आहे की ‘अदृष्ट कामगार’ या शब्दांतून कोणालाच काही कळणार नाही. पहाटे रस्ता झाडणारी बाई पाहता येत नाही असे मुळीच नाही. तिला अदृश्य म्हणताना, न पाहणाऱ्याची जबाबदारी आपण नकळत तिच्याच अंगावर टाकतो.

संस्कृत व्याकरणात न दिसण्याचा विचार पाहणाऱ्याला सोडून झालेला नाही, हे येथे उपयोगी पडेल. ‘अन्तर्धौ येनादर्शनमिच्छति’ (१.४.२८) हे पाणिनीचे सूत्र सांगते की लपण्याच्या प्रसंगी ज्याने आपल्याला पाहू नये अशी लपणाऱ्याची इच्छा असते, त्याला अपादान (ज्यापासून दूर होणे घडते ते) म्हणावे, म्हणून तेथे पंचमी येते. सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात याचे उदाहरण ‘मातुर्निलीयते कृष्णः’ असे दिले आहे. कृष्ण आईपासून लपतो. गोपाळांना तो त्याच वेळी स्वच्छ दिसत असेल. मराठीत हीच पंचमी ‘पासून’च्या रूपाने टिकली आहे. सूत्रातील ‘इच्छति’ हे क्रियापद मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण अंतर्धान पावणे ही अंतर्धान पावणाऱ्याची इच्छा आहे. योगसूत्राच्या विभूतिपादातही अंतर्धान ही योग्याने मिळवलेली सिद्धी आहे. तेथे शरीर नष्ट होत नाही. त्याची ग्राह्यशक्ती थोपवली जाते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याशी त्याचा संबंध तुटतो.

आपल्या व्रतांच्या कहाण्यांत आणि पोथ्यांत देव वर देतात व ‘गुप्त’ होतात. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे, तेव्हा गुप्त म्हणजे मुळात राखलेला आणि मग झाकलेला. श्रीपाद श्रीवल्लभ कृष्णाकाठी कुरवपूरला गुप्त झाले असे दत्तसंप्रदायात म्हणतात आणि गुरुद्वादशी त्यासाठी पाळतात; तेथे ‘मृत्यू’ हा शब्द भक्ताच्या तोंडी येत नाही. गुप्तधनाच्या लोककथांतही धन जागेवरच असते आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला ते दिसते, म्हणजे उपाय करायचा तो डोळ्यावर. ‘डोळ्यांत अंजन घालणे’ हा वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला हा विचार लक्षातही येत नाही. गारुड्याची नजरबंदी हा त्याचा उलटा प्रकार.

‘गायब’ हा अरबी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ अनुपस्थित, ‘हजर’च्या विरुद्ध, म्हणून गायब झालेला माणूस तेथे नसतोच. तुमच्या कामाचा तो नाही.

आता ज्या शब्दासाठी हे सारे लिहावेसे वाटले त्याकडे येतो. संस्कृतात ‘तिरस्’ म्हणजे आड, पलीकडे, नजरेबाहेर. तिरोधान, तिरोहित, तिरोभाव हे शब्द त्यातूनच आले. ‘तिरस्’ला ‘कृ’ धातू जोडला की ‘आड करणे’ हा अर्थ मिळतो आणि ‘तिरस्करिणी’ म्हणजे पडदा. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयातील गुहांच्या दाराशी लोंबणारे ढग किन्नरस्त्रियांसाठी तिरस्करिणी होतात. याच नावाची एक विद्याही आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात सानुमती ही अप्सरा त्या विद्येच्या बळावर प्रमदवनात उभी राहून दुष्यंताचा पश्चात्ताप ऐकते. राजाला ती दिसत नाही, प्रेक्षकांना मात्र दिसते. मंचावरच्या अदृश्यतेची सारी गंमत त्यात आहे.

याच ‘तिरस्’ आणि ‘कृ’पासून ‘तिरस्कार’ हा शब्द झाला. आज आपण तो द्वेषाच्या, किळसेच्या अर्थाने वापरतो, पण घडणीने तिरस्कार करणे म्हणजे एखाद्याला आड करणे, समोर असूनही नसल्यासारखा करणे. एकाच मुळातून अप्सरेची विद्या आणि माणसाची अवहेलना निघावी, हा मला केवळ शब्दांचा योगायोग वाटत नाही. फरक इच्छेचा आहे. सानुमती स्वतःच्या इच्छेने पडद्याआड जाते. तिरस्कृताला दुसरा कोणी पडद्याआड ढकलतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात औपनिषदिक या चौदाव्या अधिकरणात अदृश्य होण्याचे विचित्र तोडगे आहेत आणि त्यांच्या शेवटी ‘नष्टच्छायारूपश्चरति’ असे फलित पुन्हा पुन्हा येते : रूप आणि सावली दोन्ही नाहीशी होऊन तो हिंडतो. सावली शिल्लक राहिली तर हेर पकडला जाईल, हा हिशेब सरळ आहे. जातिव्यवस्थेने याच्या नेमके उलट केले. महाराष्ट्रात ज्या माणसाच्या सुखदुःखाकडे कोणी पाहत नव्हते, त्याच्या सावलीचा विटाळ मात्र बारकाईने मोजला जात होता. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातील पुरद वण्णान या जातीचे लोक अस्पृश्य मानलेल्या इतर जातींचे कपडे धूत. त्यांच्या दर्शनानेही विटाळ होतो, म्हणून त्यांनी रात्रीच काम करावे असा दंडक होता आणि १९३२ साली त्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. त्यांना ‘अदृश्य’ म्हणणे चूक ठरेल. ते दिसत होते, आणि दिसत होते म्हणूनच त्यांना अंधारात ठेवले होते.

तेव्हा माझी सूचना अशी : ‘नजरेआड केलेले कामगार’ असे लिहावे. ‘नजरेआड करणे’ हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग आहे, ‘तिरस्’ आणि ‘कृ’चा तो जवळजवळ शब्दशः मराठी अवतार आहे आणि त्यात करणारा कोणीतरी आहे हे ‘केलेले’ या एका शब्दाने उघड होते. ‘अलक्षित’ हा शब्द सुंदर आहे, पण त्यात नुसते लक्ष न जाणेही येते. ‘खिजगणतीत नसलेले’ हाही जिवंत प्रयोग आहे. त्याचा रोख मात्र मोजण्यावर आहे. ‘अनुल्लेखाने मारणे’ साहित्यिकांच्या भांडणांसाठी राखून ठेवावे.

शंका : राल्फ एलिसन यांच्या १९५२च्या ‘इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीचा निवेदक स्वतःला ‘इन्व्हिजिबल’च म्हणवतो. तेथेही ‘नजरेआड केलेला माणूस’ म्हणायचे का?

उत्तर : नाही, तेथे ‘अदृश्य’च हवे. तो कृष्णवर्णीय निवेदक आरंभीच बजावतो की आपण हाडामांसाचे आहोत आणि लोक आपल्याला पाहायचेच नाकारतात, म्हणून आपण अदृश्य आहोत. एच. जी. वेल्स यांच्या १८९७च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीतील शास्त्रज्ञ प्रयोगाने खरोखर अदृश्य होतो. वाचकाच्या मनात तशा माणसाचे चित्र आधी उभे राहावे आणि मग ते मोडावे, यासाठीच एलिसन यांनी हा शब्द घेतला आहे. ‘नजरेआड केलेला’ म्हटले तर कोडे विचारण्याआधीच उत्तर सांगितल्यासारखे होईल. इंग्रजी शीर्षकांतला ‘द’ असण्यानसण्याचा भेद मराठीत उतरत नाही, ही हानी मात्र सोसावीच लागते. तुमच्या लेखाच्या लेखकाने हा शब्द असा उपरोधाने योजला असेल, तर पहिल्या उल्लेखात ‘अदृश्य’ ठेवून पुढच्याच वाक्यात ‘नजरेआड केलेले’ आणता येईल. नुसते वर्णन म्हणून योजला असेल, तर ‘अदृश्य’ वापरूच नये, थेट ‘नजरेआड केलेले’ लिहावे.