मॉन्टरे पॉप चित्रपटाच्या अखेरीस वाजतो तो खरोखर भीमपलास आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्या सांगलीत ध्वनिमुद्रित मैफली एकत्र बसून ऐकणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. त्यातील बहुतेक ज्येष्ठ मंडळी मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला वर्षानुवर्षे जाणारी असून रॉक संगीताशी त्यांचा संबंध नसल्यातच जमा आहे. तरुण सभासदांच्या आग्रहामुळे गेल्या बैठकीत आम्ही ‘मॉन्टरे पॉप’ हा डी. ए. पेनेबेकर यांचा चित्रपट पाहिला. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथे उघड्या मैदानावर झालेल्या तीन दिवसांच्या महोत्सवाचे हे चित्रण आहे. जेनिस जॉप्लिन, ओटिस रेडिंग आणि जिमी हेंड्रिक्स यांना आमच्या ज्येष्ठांनी सौजन्याने ऐकून घेतले (एक जण बसल्या बसल्या पेंगलेही), परंतु शेवटी पं. रविशंकर यांची सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला सुरू झाला, तेव्हा सगळे सावरून बसले.

त्यानंतर जी चर्चा झाली, तिच्यातून दोन प्रश्न उरले आहेत. पहिला असा की, चित्रपटाच्या माहितीत या वादनाला राग भीमपलासी (म्हणजेच भीमपलास) म्हटले आहे. पण गटातील एका निवृत्त गायनशिक्षिकांचे ठाम मत पडले की हा भीमपलास असूच शकत नाही. दुसरा प्रश्न चित्रणाविषयीचा आहे. सतार ऐकू येऊ लागल्यानंतर कित्येक मिनिटे कॅमेरा वादकांकडे वळतच नाही. तो मैदानातून हिंडत राहतो आणि पेंगुळलेली, हसणारी, डोळे मिटून बसलेली माणसे दाखवत राहतो. काहींना हे फार आवडले, तर काहींना हा वादकांचा उपमर्द वाटला. असे करण्यामागे दिग्दर्शकाचा विचार काय असावा?

हा चित्रपट अधिक लोकांना दाखवण्याचा आमचा मानस आहे. त्या वेळी वाटावयाच्या परिचयपत्रकात चुकीची माहिती जाऊ नये, म्हणून विचारतो आहे.

तिसरा_प्रहर

आपल्या गायनशिक्षिकांचा कान बरोबर आहे. चित्रपटात जे ऐकू येते ती धून आहे आणि तिला लावलेले भीमपलासीचे नाव चुकीचे आहे.

रविवार, १८ जून १९६७ रोजी दुपारी झालेल्या या मैफलीची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन भाग आहेत : आधी राग भीमपलासी, त्यानंतर अल्लारखाँ यांचे एकतालातील स्वतंत्र तबलावादन आणि शेवटी दादरा व द्रुत तीनतालातील धून. चित्रपटात यांपैकी शेवटचा भाग घेतलेला आहे. मैफलीत भीमपलास वाजला होता हे खरेच असल्यामुळे त्याचे नाव चुकून धुनीला चिकटले असावे, असे मला वाटते.

ध्वनिमुद्रिका हाताशी नसली तरी ही चूक ओळखता येते. भीमपलासाच्या आरोहात, म्हणजे स्वर चढत जाताना, रिषभ आणि धैवत वर्ज्य असतात, गंधार व निषाद कोमल लागतात आणि सगळा डौल मध्यमावर विसावतो. शिवाय बडा राग म्हणून मांडायचा असेल तर त्याला आलापाची ऐसपैस जागा द्यावी लागते. धुनीला असे बंधन नसते. ती लोकसंगीताच्या वळणाने जाते, एखाद्या रागाची छाया घेते आणि मन मानेल तेव्हा सोडूनही देते. चित्रपटात सहा मात्रांच्या दादऱ्यातून वादन द्रुत तीनतालात शिरते आणि अखेरीस सतार व तबल्याचा सवालजवाब रंगतो. मैफलीच्या शेवटी हलकेफुलके काही वाजवून श्रोत्यांना तृप्त करून सोडण्याची आपली जी रीत आहे, तिच्यातलाच हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. भीमपलास हा दुपारचा, तिसऱ्या प्रहरी गाण्यावाजवण्याचा राग आहे आणि रविशंकरांची मैफलही दुपारीच होती. आपल्या आधी किंवा नंतर त्या सत्रात दुसऱ्या कोणाचाही कार्यक्रम नसावा, असा त्यांचा आग्रह होता आणि आयोजकांनी तो मान्य केला होता. ज्या महोत्सवात एकामागून एक वाद्यवृंद थोडा थोडा वेळ घेऊन मंचावरून जात होते, तेथे एका वादकाने अख्खी दुपार मागून घ्यावी आणि तिच्यात वेळेचा राग मांडावा, ही मला त्या मैफलीतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. नेमकी तीच चित्रपटात नाही. आपल्या पत्रकात एवढे तरी अवश्य लिहावे.

रीळ_आणि_कात्री

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. मी हौशी माहितीपट संकलित करतो, तेव्हा माझे म्हणणे त्या बाजूने झुकलेले आहे हे गृहीत धरावे.

आधी यंत्रांचा विचार करू. पेनेबेकर आणि त्यांचे सहकारी खांद्यावर घेता येतील अशा १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांवर चित्रीकरण करत होते. या प्रकारच्या फिल्मचे ४०० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटांत संपते. तीन-चार मिनिटांच्या रॉक गाण्याला ते पुरते, परंतु दीर्घ वादनाला मुळीच पुरत नाही. दुसरीकडे, ध्वनिमुद्रण आठ पट्ट्यांच्या स्वतंत्र यंत्रावर अखंड चालू होते. आवाज सलग आणि चित्र तुकड्यातुकड्यांत अशी स्थिती असली की संकलकाला मधल्या जागा कशाने तरी भराव्याच लागतात आणि श्रोत्यांचे चेहरे त्यासाठी नेहमीच उपयोगी पडतात. त्यामुळे या निर्णयात थोडी निकड असावी, असा माझा अंदाज आहे. मात्र केवळ निकडीपोटी कोणी इतकी मिनिटे सलग गर्दी दाखवत नाही. दोन-तीन चेहरे दाखवून पुन्हा मंचावर येणे सहज शक्य होते.

खरा विचार मला चित्रपटाच्या क्रमात दिसतो. प्रत्यक्षात रविशंकर रविवारी दुपारी वाजवले आणि हेंड्रिक्स त्याच दिवशी रात्री. चित्रपटात हा क्रम उलटा केलेला आहे. हेंड्रिक्स गिटारवर पेट्रोलजन्य द्रव ओतून ती पेटवतो, मोडतो आणि तिचे तुकडे लोकांत भिरकावतो. त्यानंतर ‘ममाज अँड पापाज’ या गायकवृंदाचे एक सौम्य गाणे येते आणि मग दिवस पुन्हा उजाडून सतार सुरू होते. वाद्य जाळणाऱ्याचा आवाज आधी आणि ऐकणाऱ्यांची दुपार नंतर, अशी ही मांडणी आहे. इतकेच नव्हे, तर त्या दुपारच्या श्रोत्यांमध्ये स्वतः हेंड्रिक्सही बसलेला दिसतो. आपल्या पुढच्या प्रदर्शनात ही जागा जाणकारांना हळूच दाखवून द्यावी.

सुरुवातीपासून पाहिले तर हा चित्रपट श्रोत्यांना विसरतच नाही. जॉप्लिनचे गाणे संपताना गायिका कॅस इलियट प्रेक्षकांत बसून थक्क होऊन ओठांनीच दाद देते, ते दृश्य आपल्याला आठवत असेल. या गाण्याचीही एक गंमत आहे. जॉप्लिन व तिच्या साथीदारांचा पहिला कार्यक्रम शनिवारी दुपारी झाला, पण त्यांच्या व्यवस्थापकाने चित्रीकरणाला परवानगी दिली नव्हती. तो कार्यक्रम इतका गाजला की चित्रपटात येता यावे म्हणून त्यांनी रविवारी पुन्हा मंचावर पाऊल ठेवले. म्हणजे चित्रपटात दिसते ते त्यांच्या दुसऱ्या कार्यक्रमातील गाणे आहे.

असे एकेका चेहऱ्याने जमवत आणलेले श्रोते शेवटच्या भागात चित्रपटाचा मुख्य विषय होतात. सुमारे ७९ मिनिटांच्या चित्रपटात जवळजवळ १८ मिनिटे एकाच वादनाला देणे, हे चित्रवाणीसाठी तयार होणाऱ्या कार्यक्रमात कधीच चालले नसते. मुळात हा कार्यक्रम अमेरिकेतील एबीसी वाहिनीसाठी व्हायचा होता, पण वाहिनीने तो नाकारला आणि डिसेंबर १९६८ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. तो नकार प्रेक्षकांच्या पथ्यावर पडला, असेच मी म्हणेन. सुरुवातीला वादक न दाखवल्यामुळे आपण आधी सतार ऐकतो आणि ती ऐकणारी माणसे पाहतो. मग कॅमेरा जेव्हा मंचावर येतो आणि रविशंकरांची बोटे व अल्लारखाँचे हसू दिसते, तोवर आपणही त्या गर्दीत जाऊन बसलेलो असतो. माझ्या मते यात उपमर्द नाही.

जव्हारी (मिरज)

वरील विवेचन वाचले आणि त्यातील क्रमाचा मुद्दा पटला. तरीही माझी तक्रार कायम आहे. आमच्या घरात सतारी आणि तंबोरे तयार होतात. माझ्यासारखा माणूस असा चित्रपट पाहतो तेव्हा त्याला डाव्या हाताची मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) पाहायची असते, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कशी बसवली आहे, तरफा (आपोआप झंकारणाऱ्या खालच्या तारा) कशा सुरात मिळवल्या आहेत, उघड्या हवेत वाद्य सुरात ठेवण्यासाठी वादक मध्येच खुंटीला हात लावतो का, हे पाहायचे असते. खुल्या मैदानावर ऊन-वाऱ्यात सतार वाजवणे ही सोपी गोष्ट नाही. उष्णतेने तारा उतरतात, दमट हवेत तबल्याच्या पुड्या बसतात, आणि विजेरी गिटारीप्रमाणे केवळ आवाज वाढवून हे दोष झाकता येत नाहीत. या कसबाचे चित्रण करण्याची संधी समोर असताना कॅमेरा फुलांचे मुकुट घातलेल्या तरुणांकडे पाहत राहिला, याचा मला आजही राग येतो. वादन मंचावर चालू होते, कॅमेऱ्याने तेथे असायला हवे होते.

वाद्य जाळण्याविषयी एक वाक्य. रविशंकरांना तो प्रकार पाहून अतिशय क्लेश झाले होते, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मिरजेत ज्या गल्लीत भोपळा वाळवण्यापासून जव्हारी काढण्यापर्यंतची (घोडी घासून तारेचा झंकार मोकळा करण्यापर्यंतची) कामे चालतात, तेथे त्यांच्या क्लेशाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्याकडे झालेल्या आनंदाचे मूळही तेच होते.

अजिंक्यतारा (सातारा)

मिरजेच्या सदस्यांना एवढेच सुचवतो की, दोन वर्षांनंतरच्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाशी तुलना केल्यावर मॉन्टरेच्या श्रोत्यांवरचा त्यांचा राग कदाचित कमी होईल. १५ ऑगस्ट १९६९ च्या रात्री रविशंकर वुडस्टॉकला वाजवले, तेव्हा पाऊस पडत होता आणि समोर अफाट गर्दी होती. चिखलात बसलेल्या त्या समुदायाकडे पाहून आपल्याकडच्या डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली, असे त्यांनी नंतर सांगितले होते. १९७० मध्ये प्रदर्शित झालेल्या, मायकेल वॉडली यांच्या त्या महोत्सवावरील गाजलेल्या चित्रपटात त्यांचे वादन नाही. मॉन्टरेला मात्र श्रोत्यांची संख्या आवाक्यात होती, मैदान जत्रा आणि घोड्यांच्या खेळांसाठी बांधलेले होते आणि लोक खुर्च्यांवर बसून ऐकत होते. पेनेबेकर यांना चेहरे टिपता आले, याचे बरेचसे श्रेय या आटोपशीर जागेलाही द्यावे लागेल. वुडस्टॉकला तोच कॅमेरा गर्दीत हिंडला असता, तर त्याला बहुधा छत्र्या आणि गोधड्याच दिसल्या असत्या.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या गायनशिक्षिकांना पहिले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी ‘मी म्हटलेच होते’ एवढेच म्हणून चहा मागवला.

परिचयपत्रकात वादनाचा उल्लेख ‘धून : दादरा व द्रुत तीनताल’ असा करू आणि चित्रपटाच्या माहितीतील नाव चुकीचे असल्याचे खाली स्पष्ट करू. शिवाय चित्रपट सुरू होण्यापूर्वी ध्वनिमुद्रिकेतील भीमपलास ऐकवावा, असे ठरते आहे, म्हणजे त्या दुपारची सुरुवात आणि शेवट दोन्ही लोकांपर्यंत पोहोचतील. मिरजेच्या सदस्यांना विनंती आहे की, त्या दिवशी एखादी सतार घेऊन यावे आणि चित्रपटात जी मींड दिसत नाही, ती लोकांना प्रत्यक्ष दाखवावी. तारीख अद्याप निश्चित नाही, कारण सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी मागितली आहे आणि तिचे उत्तर यायचे आहे.

जव्हारी (मिरज)

येतो. मात्र कार्यक्रम दुपारी ठेवावा आणि पंखे सतारीवर येणार नाहीत अशी बैठक करावी. वाद्य सुरात मिळवायला निदान अर्धा तास आधी जागा मोकळी हवी.