'चांगला परिणाम' म्हणजे नक्की किती चांगला? (स्ट्रोक, रँकिन २)

अबोली_के:
वडील ७१ वर्षांचे. रात्री धडधाकट झोपले, सकाळी उजवा हात लुळा आणि तोंडातून शब्द फुटेना. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. स्ट्रोक नेमका कधी आला ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. स्कॅन बघून मांडीतून नळी घातली आणि गुठळी काढली. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीच्या कागदावर आता लिहून मिळालंय, 'रँकिन २, गुड आउटकम'. (रँकिन म्हणजे स्ट्रोकनंतर माणूस दुसऱ्यावर किती अवलंबून आहे ते मोजणारं स्केल.)

बाबा चालतात, आंघोळ स्वतः करतात, घरी एकटे राहू शकतात. मान्य. पण आयुष्यभर प्रुफं तपासलेला हा माणूस आता बातमीच्या मथळ्यापुढे जात नाही. किल्ली हवी असते आणि म्हणतात 'चष्मा'. चुकलं हेही त्यांना कळतं, मग दिवसभर गप्प. दुपार कलायच्या आत दमून आडवे होतात.

उशिरा पोचलेल्या पेशंटवरची डॉन चाचणी वाचली. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के स्वावलंबी, न काढलेल्यांपैकी १३ टक्के. बाबांसारखा माणूस त्या ४९ मध्ये धरतात का? धरत असतील तर तो आकडा मी कसा वाचायचा?

आणि दुसरं, काका सारखे म्हणतात की पहिल्याच दिवशी उठवून चालवलं असतं तर फरक पडला असता. खरंच?

उनाड_पाऊस:
मला स्वतःला येऊन गेलाय. माझा रँकिन १. म्हणजे 'लक्षणं आहेत, पण नेहमीची सगळी कामं जमतात'. जमतात हो. पण एक मीटिंग केली की दुसरीसाठी डोकं शिल्लक राहत नाही. या थकव्याला त्या स्केलवर खानाच नाही. बाबांना आळशी म्हणू देऊ नका कुणाला.

नव्वदावा_दिवस:
स्ट्रोकच्या चाचण्यांमध्ये ९० व्या दिवसाचे फोन करणं हेच माझं काम आहे (नाव त्यावरूनच घेतलंय), म्हणून जरा लांबण लावते.

हो, बाबांसारखे पेशंट त्या ४९ मध्येच मोजतात. रँकिन शून्यापासून ६ पर्यंत असतो. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. डॉनमध्ये ० ते २ ला 'स्वावलंबी' धरलं. मी फोनवर आधी विचारते, 'पूर्वी करत होतात ते सगळं आताही करता का?' इथे 'नाही' आलं की ० आणि १ बाद. मग, 'आठवडाभर एकट्याने राहायची वेळ आली तर निभेल का?' इथे 'हो' म्हटलं की २, 'नाही' म्हटलं की ३ किंवा त्याच्या वर. पेशंटला कुठला उपचार मिळाला हे मला मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर माझाच कल त्या बाजूला झुकेल.

तुमच्या बाबांची प्रुफं पहिल्या प्रश्नातच निसटली. तिथे 'नाही' असं उत्तर आलं, बस्स. वाचन गेलं काय किंवा मासेमारी गेली काय, रकाना तोच. स्केल ओबडधोबड आहे, पण ते तसं का आहे तेही बघा. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलं तेव्हापासून त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे, माणूस दुसऱ्यावर किती अवलंबून आहे. शेतकरी असो की प्राध्यापक, सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं तर प्रश्न असाच मोघम लागतो.

आता तो ४९. चाचणीत २०६ पेशंट होते, शेवटचे ठीक दिसल्यापासून ६ ते २४ तास उलटलेले. आणि सगळे निवडून घेतलेले: लक्षणं गंभीर, पण स्कॅनवर मेलेला भाग लहान, म्हणजे वाचवण्याजोगा मेंदू शिल्लक. दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच, १९ आणि १८ टक्के. उपचाराने मुख्यतः काय बदललं, तर वाचलेल्यांपैकी कोण परावलंबी राहिला आणि कोण नाही. उपचार मिळूनही निम्मे लोक त्या आकड्याबाहेरच राहिले. म्हणून 'गुड आउटकम' हे शब्द 'गुठळी न काढता जे झालं असतं' त्याच्या तुलनेत वाचा, बाबांच्या आधीच्या आयुष्याच्या तुलनेत नको.

फिजिओ_गप्पिष्ट:
काकांसाठी: अ‍ॅव्हर्ट चाचणी, २०१५. २१०४ पेशंट. २४ तासांच्या आत आणि वारंवार उठवलेल्यांपैकी ४६ टक्के चांगल्या अवस्थेत, नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपैकी ५० टक्के. घाई करणाऱ्यांचंच किंचित वाईट झालं. आम्हा फिजिओंना हे पचायला जड गेलं, खोटं कशाला बोलू. याचा अर्थ खाटेवर पाडून ठेवा असा नाही. सुरुवातीला थोडं थोडं, मग वाढवत न्या. पण तुमच्याकडे काही राहून गेलं असं यातून निघत नाही.

अबोली_के:
काकांना आकडे दाखवले. 'तरी पण' म्हणाले. असो.
@नव्वदावा_दिवस, बोलण्याचं काय? तीन महिन्यांत जे यायचं ते आलं, असं सगळे सांगतात.

नव्वदावा_दिवस:
तीन महिने ही चाचणीची सोय आहे. त्या दिवशी मेंदू दुकान बंद करत नाही. जर्मनीतली एक चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. स्ट्रोकला सहा महिने किंवा जास्त होऊन गेलेले, वाचा बिघडलेले पेशंट. तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास स्पीच थेरपी. ज्यांना तोवर थांबायला सांगितलं होतं त्यांच्यापेक्षा यांचं रोजचं बोलणं सुधारलं. त्यात ७० पर्यंतचेच पेशंट घेतले होते, बाबा वर्षभराने हुकले असते. पण ७१ व्या वाढदिवसाला थेरपी लागू पडायची थांबते असं काही नाही.

आठवड्याला अर्धा तास थेरपी देऊन 'उपयोग होत नाही' असं कुणी म्हणालं, तर तास मोजायला सांगा. पुढच्या भेटीला वाचन, शब्द सापडणं, थकवा हे तिन्ही केसपेपरवर वेगवेगळं लिहून घ्या. रँकिनच्या एका आकड्याकडे बघून कुणी स्पीच थेरपिस्टकडे पाठवत नाही. आणि मूड? दिवसभर गप्प राहणं हे वाचेमुळेच आहे असं धरून चालू नका, स्ट्रोकनंतर नैराश्य पुष्कळांना येतं. तेही विचारून घ्या.