चेकपॉइंटवरून सुरू केल्यावर बॅच गळतात, त्याबद्दल

‘लाईट गेल्यावर ट्रेनिंग पुन्हा चालू केलं की मधल्या बॅच गायब, पण वर्कर शून्य ठेवले तर सगळं बरोबर’ अशी एक तक्रार आलीय. (चेकपॉइंट म्हणजे ट्रेनिंगची मध्येच सेव्ह केलेली स्थिती, बॅच म्हणजे मॉडेलला एकावेळी दिलेला डेटाचा गठ्ठा, वर्कर म्हणजे डेटा आणून देणारी वेगळी प्रोसेस.) निम्मं निदान त्यातच आलं. हा प्रीफेचचा, म्हणजे बॅच आधीच आणून ठेवण्याचा, घोळ आहे.

पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत डेटा पुरवणारा भाग म्हणजे डेटालोडर; त्यात प्रत्येक वर्कर डीफॉल्टने २ बॅच आगाऊ मागवून ठेवतो. ४ वर्कर म्हणजे ८ बॅच वाटेत, मॉडेलने न पाहिलेल्या. सेव्ह करताना वर्करला ‘कुठवर आलास?’ विचारलं तर तो पुढचाच आकडा सांगणार. म्हणून वर्करने स्थिती बॅचसोबतच पाठवायची, आणि शेवटी हातात आलेल्या बॅचची स्थिती सेव्ह करायची. टॉर्चडेटा या पायटॉर्चच्या जोड-लायब्ररीतला स्टेटफुल डेटालोडर याच वाटेने जातो. तिथे सेव्ह आणि लोड करताना वर्करची संख्या मात्र तीच ठेवा.

शफलचं, म्हणजे डेटा पिसण्याचं, वेगळं. क्रम एपॉकच्या (सगळ्या डेटावरून एक फेरी) सुरुवातीला ठरतो, त्यामुळे रँडम आकडे देणाऱ्या जनरेटरची तेव्हाची स्थिती लागते, सेव्ह करतानाची नव्हे. इथे भलेभले फसतात, कारण एरर येत नाही आणि लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) निमूट उतरत राहतो.

आमच्याकडे नाशकात द्राक्षाच्या पानांवरची भुरी-डाऊनी हे रोग ओळखायचं काम चालतं, तिथे मी लॉसकडे बघतच नाही. शफल चालू ठेवून, सीड (जनरेटरचा सुरुवातीचा आकडा) तोच ठेवून फाइलनावांच्या दोन याद्या काढतो: एक सलग रनची, दुसरी मध्येच तोडून जोडलेल्या रनची. मग सरळ डिफ, म्हणजे दोन्ही याद्यांतला फरक बघायचा. आणि अगदी शेवटच्या बॅचनंतरही एकदा तोडून बघा. पुढचा एपॉक रिकामा निघाला तर आणखी एक बग सापडला.